परत येणार ना?

गेल्या पावसाळ्यात आमच्या नेरुळच्या घरी एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. "बाई, पेढे अर्धेच समजा," म्हणाली. अमेरिकेतल्या विद्यापीठाने प्रवेश दिला होता, 'आय-ट्वेंटी' नावाचा तो सुप्रसिद्ध कागदही आला होता. व्हिसा तेवढा व्हायचा होता. मांडीवर ही जाडजूड फाईल! तीत कर्जाचे पत्र, वडिलांच्या ठेवींच्या पावत्या, घराचे मूल्यांकन, गुणपत्रिका. सारे नीट लावलेले. तरी चेहरा उतरलेला. "सगळं जमलंय हो. पण वांद्र्याला वकिलातीत विचारणार, शिकून झालं की परत येणार ना? त्याचा दाखला कुठून आणू?"

मी तिला चहा दिला, दुसरे काय देणार? पण ती गेल्यावर प्रश्न घरातच राहिला. आमच्या गच्चीवरून पारसिकचे डोंगर दिसतात. त्यांच्या पलीकडे कल्याण. त्या कल्याणात वाढलेल्या एका मुलीला हाच प्रश्न सुमारे १४० वर्षांपूर्वी विचारण्यात आला होता. फरक एवढाच की, विचारणारे साहेब नव्हते. आपलेच लोक होते.

ती मुलगी म्हणजे माहेरची यमुना, सासरची आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षाच्या आत मूल, आणि ते दहा दिवसांत गेले. नवरा गोपाळराव पोस्टातला कारकून, बायकोला शिकवण्याच्या वेडाने झपाटलेला. त्याने १८७८ साली कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला साहाय्यासाठी पत्र लिहिले. उत्तर आले ते ख्रिस्ती होण्याच्या उपदेशाचे. मिशनऱ्याने हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी तो १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी यायची वाट पाहत असताना वाचला. दात दुखला म्हणून इतिहास घडला, असे म्हणायला हरकत नाही!

आता गंमत पाहा. १८८३ साली अमेरिकेला जायला आनंदीबाईंना पासपोर्ट लागला नाही, व्हिसाही नाही. पासपोर्टाची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. मात्र अमेरिकेचे दार सगळ्यांनाच सताड उघडे होते असेही नव्हे. आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला होता, आणि 'मी मजूर नाही' असा आपल्या सरकारचा दाखला चिनी विद्यार्थ्याला दाखवावा लागे. विद्यार्थ्याच्या व्हिसाचा हा आजोबाच म्हणायचा.

आनंदीबाईंच्या वाट्याला साहेबाची खिडकी आली नाही. त्यांच्या मुलाखती घरच्याच उंबऱ्यावर झाल्या. गोपाळरावांची बदली तेव्हा कलकत्त्याजवळ सेरामपूरला झालेली. तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी इंग्रजीत भाषण केले. अठरावे वर्ष पुरे व्हायला महिन्याहून थोडा अधिक काळ उरला होता. लोक जे जे विचारत, त्याचीच त्यांनी यादी केली : अमेरिकेलाच का? इथे सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर वाळीत पडणार नाही का? वाईट प्रसंग आला तर? आणि कोणा बाईने जे केले नाही ते तूच का करावेस? एकेकाला उत्तर दिले, आणि सांगितले की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच येऊन राहीन. आजच्या भाषेत, परतण्याची हमी.

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला २८ जूनला त्यांनी जो अर्ज केला, तो मला त्या भाषणाहूनही मोठा वाटतो. प्रवेशाच्या काही अटींत मी कदाचित कमी पडेन, असे त्या सरळ लिहितात; पण आप्त आणि जात यांच्या विरोधाला न जुमानता ज्या निश्चयाने मला इथवर आणले, तोच निश्चय पुढेही नेईल. माझ्या देशभगिनी पुरुष डॉक्टरापेक्षा मरण पत्करतात, हेही त्यात आहे. महाविद्यालयाने ती गुणपत्रिका मान्य केली! ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा ठरलेली होती. त्या परतल्या, पण क्षय घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षेसुद्धा पुरी झाली नव्हती.

विद्यार्थी म्हणून वेगळा व्हिसा अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्यात आला : वय किमान १५, संस्था मान्यताप्राप्त आणि हेतू फक्त शिक्षणाचा. १९५२ च्या कायद्याने आणखी मेख मारली. मायदेशीचे बिऱ्हाड मोडण्याचा आपला इरादा नाही, हे विद्यार्थ्यानेच पटवायचे. माझ्या विद्यार्थिनीची झोप उडवली ती या कलमाने.

पण परतणाराची परीक्षा घेणारे, परत घेणाराची परीक्षा कधी घेत नाहीत. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. करार असा की, शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची. याहून पक्की हमी कोणती वकिलात मागेल? १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याला हजरही झाले. पण राहायला जागा कोणी देईना. अखेर पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. सामान काढून, मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा कोलंबियाचा विद्वान कमाटीबागेत बसून राहिला.

ही हकीकत त्यांनी पुढे स्वतः लिहिली. त्या इंग्रजी टिपणात मसूरचे स्टेशन आहे, चाळीसगाव आहे, दौलताबादचा किल्ला आहे. परदेशी वकिलातीतला प्रसंग मात्र एकही नाही. टिपणाचे नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'.