डोंगरउतारावरील वाहनचालन (कोल्हार–घोटी परिसर)

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारे वाहन (बोलीत ‘फोर बाय फोर’) कच्च्या, तीव्र चढ-उतारावरून सुरक्षित नेण्याचे तंत्र. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवराकाठच्या कोल्हारहून निघणारा घोटी रस्ता लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा चढत जातो आणि कळसूबाईच्या (१,६४६ मी.) पायथ्याच्या बारी गावाजवळून इगतपुरी तालुक्यात उतरतो. कोल्हारची सपाट ऊसशेती आणि अकोल्याच्या पश्चिमेकडील कातळ-मुरुमाच्या वाटा एकाच रस्त्यावर येतात. त्यामुळे सपाटीवर घडलेली सवय घेऊन चालक डोंगरात शिरतो, आणि अडचण तिथेच सुरू होते.

डांबरी घाटाचा चढ शेकडा ५-६ आणि अपवादानेच ८ असतो, म्हणजे जेमतेम साडेचार अंश. कच्च्या वाटेवर २० अंशांचा, म्हणजे शेकडा ३६ चढही लागतो. म्हणून वाट आधी पायी पाहावी: माथ्यापलीकडे काय आहे, मुरूम सुटा आहे का, परत फिरायला जागा आहे का. पुढचा बंपर कितपत टेकणार, हे गाडीच्या बांधणीवर ठरते. २०२० च्या महिंद्रा थारचा पुढचा कोन ४१.८ अंश आहे, पण मधला, म्हणजे पोट न टेकता धार ओलांडण्याचा कोन, २७ अंशच. त्यामुळे नाक सहज चढलेली गाडी माथ्याच्या धारेवर पोट टेकून अडकू शकते.

गिअर चढ लागण्याआधी निवडायचा. ‘फोर-लो’मध्ये, म्हणजे चारही चाकांच्या कमी वेगाच्या गिअर-श्रेणीत, चाकांकडे जाणारी ओढ साधारण दोन ते अडीचपट होते आणि वेग त्याच प्रमाणात घटतो. चढ सरळ, माथ्याच्या धारेला काटकोनात घ्यावा, वेग एकसारखा ठेवावा. चाके नुसती फिरू लागली की ॲक्सिलरेटर वाढवण्यात अर्थ नाही. ती फक्त खड्डा खोदतात.

गाडी मध्येच बंद पडली, तर सर्वांत धोकादायक चूक म्हणजे तिथेच वळवण्याचा प्रयत्न. आडवी झालेली गाडी कलंडते. पायाचा ब्रेक दाबून ठेवून हँडब्रेक ओढावा, इंजिन सुरू करून ‘फोर-लो’मधला रिव्हर्स टाकावा, मग क्लच पूर्ण सोडून गाडी इंजिनाने धरली की ब्रेक हलके सैल करत सरळ मागे उतरावे. क्लच दाबून घरंगळू दिलेली गाडी ब्रेकच्याही हाती राहत नाही.

उतार मात्र चढापेक्षा अवघड, हे नवशिक्याला पटत नाही. ‘फोर-लो’चा पहिला गिअर टाकावा, क्लचवरून पाय काढावा आणि इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. न्यूट्रल कधीही नाही. ब्रेक जोरात दाबला तर चाके अडून गाडी घसरते. मागचा भाग बाजूला सरकू लागला, तर स्टिअरिंग उताराकडे वळवून किंचित ॲक्सिलरेटर द्यावा. मन ब्रेक म्हणत असते, म्हणून हे सरावानेच जमते. आडव्या उतारावर टपावरचे सामान गाडीचा गुरुत्वमध्य उंचावते, म्हणून ते उतरवूनच निघावे.

सराव करायला जागा जवळच आहे: घोटीच्या पुढे इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे.

अरुंद घाटवाटेवर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देण्याचा नियम आहे. मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदऱ्याला गर्दी लोटते, तेव्हा तो सर्वाधिक मोडला जातो. कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मळलेल्या रस्त्याबाहेर गाडी घालण्यास मनाई आहे. पावसाळ्यात भिजलेल्या गवताच्या उतारावर गाडी घालू नये. कितीही खोल नक्षीचे टायर असले तरी ते तिथे पकड घेत नाहीत.