ला आर्हेंतिना आणि इपोलितो बूशार

अर्जेंटिनाच्या टपाल तिकिटावर एकत्र झळकलेले खाजगी लढाऊ जहाज व त्याचा कप्तान. इपोलितो बूशार (1780–1837) जन्माने फ्रेंच. सँ-त्रोपेजवळच्या बोर्म गावचा हा खलाशी 1809 मध्ये ब्वेनोस आयरेसला आला आणि 1813 मध्ये सान लोरेन्सोच्या लढाईत स्पॅनिशांचे निशाण हिसकावून नाव मिळवून बसला.

जहाज मूळचे स्पॅनिश, ‘कोन्सेक्वेन्सिया’ नावाचे. 1816 च्या पॅसिफिक मोहिमेत ते हाती लागले आणि त्याला ‘ला आर्हेंतिना’ हे नवे नाव मिळाले. मालक विसेन्ते एचेव्हारिया. भांडवल त्याचे, शत्रूची जहाजे धरण्याची सनद सरकारची. सनद खिशात असली की कोर्सारियो, नसली की चाचा, असा त्या काळचा हिशेब. तो शत्रूला अर्थातच मान्य नव्हता. 9 जुलै 1817 रोजी, स्वातंत्र्यघोषणेच्या पहिल्या वाढदिवशी, जहाज निघाले. खलाशी सुमारे 180.

हिंदी महासागरात स्पॅनिश फिलिपीन्स कंपनीची जहाजे धरायची, हा मूळ बेत. पण कंपनीने इकडचा व्यापार आधीच थांबवला होता, त्यामुळे तो फसला. मादागास्करच्या तामातावे बंदरात बूशारने गुलामांची वाहतूक करणारी जहाजे अडवली. पुढे स्कर्व्हीने खलाशी पटापट आडवे पडू लागले. जावाच्या परिसरात जहाजावरच्या वैद्याने त्यांना गळ्यापर्यंत मातीत पुरण्याचा उपाय केला. काही बरे झाले, ज्यांचा आजार हाताबाहेर गेला होता ते तिथेच दगावले. मनिलाची नाकेबंदी करून जहाज 1818 मध्ये हवाई बेटांवर पोचले. तिथे बंडखोर खलाशांनी विकून टाकलेली ‘सांता रोसा’ ही नौका बूशारने राजा कामेहामेहाशी वाटाघाटी करून सोडवली. या राजाने अर्जेंटिनाला मान्यता दिली, ही गोष्ट अर्जेंटिनात आवडीने सांगितली जाते. इतिहासकार मात्र तिच्याकडे संशयाने पाहतात.

नोव्हेंबर 1818 मध्ये स्पॅनिश कॅलिफोर्नियाची राजधानी मॉन्टेरे पडली. ‘सांता रोसा’चा पहिला हल्ला किल्ल्याच्या तोफांनी परतवला होता. मग माणसे शहराबाहेर उतरवून बूशारने किल्ला घेतला. सुमारे सहा दिवस तिथे अर्जेंटिनाचे निळे-पांढरे निशाण फडकले, जनावरे व सामान लुटले गेले, किल्ला आणि गव्हर्नरचा वाडा जाळण्यात आला. डिसेंबरात सान हुआन कापिस्त्रानोची पाळी आली. कॅलिफोर्नियात त्याची ओळख चाचा अशीच राहिली आहे, आणि जळलेल्या घरांच्या बाजूने पाहिले तर तक्रार करायला जागा नाही.

जुलै 1819 मध्ये वाल्पाराइसोला पोचताच चिलीचा नौदलप्रमुख कॉक्रन याने बूशारला अटक केली. खटला चालला आणि डिसेंबरात सुटका झाली. नंतर तो पेरूच्या नौदलात गेला व नास्का भागात जमीनदार झाला. नोकरांशी तो क्रूरपणे वागे. जानेवारी 1837 मध्ये त्यांनीच त्याला ठार मारले. 1962 मध्ये त्याचे अवशेष सापडले व सन्मानाने ब्वेनोस आयरेसला नेण्यात आले. जहाजाच्या वाट्याला एवढे कौतुक आले नाही. जनरल सान मार्तिनच्या 1820 च्या पेरू मोहिमेत ते ‘कोन्सेक्वेन्सिया’ या जुन्याच नावाने सैनिकांची ने-आण करत होते.