सतरा महिन्यांचं वर्ष आणि आरंभीची शिल्लक

गंगापूर रोडवरच्या एखाद्या सीएच्या ऑफिसात एप्रिलमध्ये डोकावलात, तर टॅलीसमोर बसलेलं कुणीतरी एकाच आकड्याशी झगडताना दिसेल: बँक खात्याची आरंभीची शिल्लक. पासबुकातली घ्यायची की वहीतली?

समजा, ३१ मार्चला पासबुकात ५०,००० आहेत, पण तुम्ही दिलेला ८,००० चा चेक अजून वटलेला नाही. वहीत ४२,०००च. मग आरंभी ४२,००० घ्यायचे आणि तो चेक 'न वटलेला' म्हणून वेगळा नोंदवायचा. ५०,००० भरलेत, तर एप्रिलमध्ये चेक वटल्यावर यंदाच्या वहीत त्याची जोडी सापडत नाही. कुणीतरी तो खर्च नव्याने टाकतं आणि एकच खर्च दोन वर्षांत दिसतो. विज्ञानवाल्यांनो, हा सरळसरळ झिरो एरर आहे.

पण 'आरंभ' १ एप्रिललाच का? तसा काही निसर्गनियम नाही. ब्रिटिश भारतात सरकारचं आर्थिक वर्ष १८६७ पर्यंत १ मेला सुरू व्हायचं. पेशवाईत महसुली वर्ष मृगापासून धरत. व्यापारी तर वहीपूजन करून दिवाळी ते दिवाळी हिशेब लिहीत, आणि आयकर खात्यालाही ते चालायचं. १९८७ च्या दुरुस्ती कायद्याने ही मोकळीक गेली. सगळ्यांचं वर्ष ३१ मार्च १९८९ ला एकत्र आणलं. म्हणजे १९८७ च्या दिवाळीत उघडलेली वही थेट त्या मार्चअखेर बंद झाली. सुमारे सतरा महिन्यांचं वर्ष! जुन्या पेढीच्या विक्रीचा आलेख काढताना तिथे उंचवटा दिसला, तर त्याला भरभराट म्हणण्याआधी महिने मोजा.

दुसरा फास रोजकीर्दीत असतो, आणि मला तो जास्त धोक्याचा वाटतो. रोजची श्री शिल्लक जमेच्या बाजूलाच लिहितात. ती कालची रक्कम असते, आजचं उत्पन्न नव्हे. गल्ल्यात १,००० रुपये महिनाभर नुसते पडून राहिले आणि तुम्ही जमेच्या बेरजा डोळे मिटून एक्सेलमध्ये उतरवल्यात, तर तीस दिवसांत त्या दुकानाने ३०,००० 'कमावलेले' असतील.