टेम्प्लेटमध्ये किती अक्कल असावी?

डेटा एचटीएमएलमध्ये ओतून पान बनवतं ते टेम्प्लेट इंजिन. ते निवडायचं म्हटलं की आमच्या टीममध्ये आधी वेगाचे आकडे निघतात. मला आठवतं ते कॅन्ससमधल्या लॉरेन्स शहराचं वर्तमानपत्र. 2003 मध्ये तिथे एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी जे रचायला घेतलं, तेच 2005 मध्ये जँगो म्हणून सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीची डेडलाइन तासांची, पानाचं रूप डिझायनरच्या हातात. म्हणून टेम्प्लेटमध्ये पायथन लिहायची सोयच नाही. इफ, फॉर, फिल्टर, एवढंच. पीएचपीच्या पानांत डेटाबेसची क्वेरीही घुसायची, त्यावर हा उतारा. पुढे आर्मिन रोनाखरने त्याच वळणाचं जिंजा केलं, पण बंधनं सैल केली. (जिंजा म्हणजे जपानी देऊळ, टेम्पल-टेम्प्लेट अशी ती कोटी.)

खरी गोची वेगळीच. कुणी कमेंटमध्ये स्क्रिप्ट टॅग लिहिला आणि तो तसाच छापला गेला, तर वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो. त्याचं लॉगिनही चोरीला जाऊ शकतं. जँगो 2008 च्या 1.0 पासून असे टॅग आपोआप निकामी करतं. नुसतं जिंजा घेतलं तर ती सोय आजही आपणच चालू करायची; फ्लास्क एचटीएमएल फाइलींपुरती करून देतं. मी आधी हेच तपासतो. वेगासाठी कॅश लावता येतो.