जिंगल्सचा माग

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या सार्वजनिक वाचनालयात १९९९ साली मुलं कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवू लागली. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला वर्गात धास्ती असते, कोणी हसेल, कोणी मध्येच चूक काढेल. शेजारी पाय पसरून पडलेला कुत्रा यातलं काहीच करत नाही. ही कल्पना पुढे अनेक देशांत पोचली.

तिला आधार आधीच मिळालेला होता. एरिका फ्रीडमन, एरन कॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ मुलांचा रक्तदाब मोजला होता. मूल स्वस्थ बसलेलं असो की मोठ्यानं वाचत असो, खोलीत प्रेमळ कुत्रा असला की रक्तदाब कमी भरत होता. हे १९८३ सालचं. मुलं थोडीच होती, त्यामुळे एवढ्यावरून कुत्र्याला औषध ठरवू नये.

त्याआधीचा माग थेट जिंगल्स नावाच्या कुत्र्यापाशी नेतो. न्यू यॉर्कच्या येशिवा विद्यापीठातले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन एकदा लिहीत बसले होते, आणि त्यांचा हा कुत्रा पायाशी पडलेला होता. तेवढ्यात एक आई आपल्या अबोल, मिटून गेलेल्या मुलाला घेऊन ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी दारात उभी राहिली. जिंगल्स धावत जाऊन मुलाला चाटू लागला. मूल घाबरलं नाही, उलट त्याला कुरवाळू लागलं. आई त्यांना वेगळं करायला पुढे झाली, पण लेव्हिन्सननी तिला खुणेनं थांबवलं. निघताना मुलानं कुत्र्याशी खेळायला पुन्हा यायचं आहे असं सांगितलं. पुढच्या काही भेटींत ते फक्त जिंगल्सशी खेळलं, डॉक्टर जणू तिथे नव्हतेच. मग हळूहळू त्या खेळात त्यांनाही जागा मिळाली.

मला या सगळ्यात लेव्हिन्सनचं ते थांबणं सर्वांत मोठं वाटतं. कुत्र्यानं दार उघडलं. उपचार मात्र माणसानंच, धीरानं केले. १९६१ साली मानसतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे मांडलं तेव्हा लोक हसले. फीमधला किती वाटा कुत्र्याला देता, असंही कोणी विचारलं. त्यांनी काम सोडलं नाही, आणि १९६९ साली त्यावर पुस्तकच लिहिलं.

आणखी मागे इंग्लंड लागतं. यॉर्कमध्ये क्वेकर पंथीयांनी १७९६ साली उघडलेल्या मनोरुग्णालयाच्या अंगणात ससे आणि कोंबड्या होत्या. तिथले रुग्ण मोठी माणसं होती, पण दुबळ्या जिवाची काळजी घेताना माणसाचं मन निवतं, हा विचार तोच.

मुलांबाबत तो त्याहून जुना आहे. जॉन लॉकनं १६९३ साली शिक्षणावरच्या पुस्तकात एका आईचं कौतुक केलं आहे. ती मुलींना कुत्री, खारी, पाखरं हौसेनं आणून देई, पण त्यांना काही कमी पडू द्यायचं नाही, ही जबाबदारी मुलींचीच. हेळसांड झाली तर तो मोठा अपराध. आज आपण प्राणी मुलाला काय देतो एवढंच विचारतो. त्या घरात मुलींनी प्राण्याला काय द्यायचं, हे आधी ठरलेलं होतं.