पांढऱ्या वेषातील स्त्री

मध्यरात्र उलटून गेलेली. लंडनकडे जाणाऱ्या निर्जन रस्त्याने एक तरुण चित्रकला-शिक्षक एकटाच चालला आहे. एकाएकी मागून त्याच्या खांद्यावर कोणाचा तरी हात पडतो. तो वळून पाहतो, तो नखशिखांत शुभ्र वेष केलेली एक स्त्री समोर उभी! विल्की कॉलिन्सची ‘द वूमन इन व्हाइट’ ही कादंबरी डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून १८५९ च्या नोव्हेंबरपासून १८६० च्या ऑगस्टपर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि या एका प्रसंगाने इंग्रज वाचकाची झोप उडवली.

कथेचे मर्म दोन स्त्रियांच्या साम्यात आहे. लॉरा फेअरली ही धनिक घराण्यातील कन्या; ॲन कॅथरिक ही वेड्यांच्या इस्पितळातून निसटलेली अभागिनी. लॉराचा पती सर पर्सिव्हल ग्लाइड कर्जात बुडालेला. पत्नीच्या मृत्यूनंतर तिचे वीस हजार पौंड त्याला मिळावयाचे. ॲन हृद्रोगाने मरते, तेव्हा लॉराच्या नावाने तिला मूठमाती दिली जाते, आणि जिवंत लॉराची रवानगी ॲन म्हणून इस्पितळात होते. आपण कोण, हे ती ओरडून सांगते. पण वेडीचे ऐकणार कोण? आज हे अतिरंजित वाटेल. परंतु विवाहितेच्या मालमत्तेविषयीचे इंग्लंडातील कायदे १८७० व १८८२ सालचे. त्यांपूर्वी पत्नीला कायद्याच्या दृष्टीने पतीवेगळे अस्तित्व जवळजवळ नव्हतेच. कॉलिन्स स्वतः कायदा शिकलेला होता. त्याने रहस्याचा सांगाडा उभारला तो या वास्तवावर.

या कथेकडे मूकपटांचे लक्ष लवकर गेले. १९१२ सालीच अमेरिकेत दोन संस्थांनी तिची छोटी रूपे काढली. त्यांपैकी एक न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल येथील थॅनहाउझर कंपनी. याच कंपनीने १९१७ साली ती पुन्हा हाती घेतली, या वेळी पूर्ण लांबीची. दिग्दर्शक अर्नेस्ट वॉर्ड. लॉरा आणि ॲन या दोन्ही भूमिकांत फ्लॉरेन्स ला बॅडी.

रूपांतर करणाऱ्यापुढची अडचण लहान नव्हती. कॉलिन्सने कथा एकाच्या तोंडून सांगितलेली नाही. न्यायालयातील साक्षींप्रमाणे एकेक पात्र आपापली हकीकत लिहून देते, मॅरियनची रोजनिशी तर कादंबरीचा प्राणच आहे. शेवटी कपट उघड होते तेही तारखेच्या तफावतीवरून: ज्या दिवशी लॉरा मेली म्हणून नोंद आहे, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती लंडनला निघाली होती. हे सारे पडद्यावरच्या चार पाट्यांत कसे बसावे? अंगाखांद्यावर पांढरे उंदीर खेळवणारा, गोड वाणीने गळा कापणारा काउंट फॉस्को तर मूकपटासाठी जन्मलाच नव्हता. मात्र एके ठिकाणी मूकपट कादंबरीवर मात करतो. वाचकाला साम्य लेखकाच्या शब्दावर मान्य करावे लागते. प्रेक्षकाला ते दिसते. एकच चेहरा एकदा सुखवस्तू आणि एकदा भेदरलेला पाहिला, म्हणजे या दोघींना एकमेकींपासून निराळे ठेवणारी रेषा केवढी पुसट होती, हे सांगावे लागत नाही.

त्या काळी एकाच नटाला एका चौकटीत दोनदा दाखवायचे म्हणजे भिंगाचा अर्धा भाग झाकून चित्रण करायचे, फीत मागे गुंडाळायची, आणि दुसरा अर्धा भाग उघडून पुन्हा चित्रण करायचे. कॅमेरा केसभरही हलता कामा नये. योगायोग असा की, त्याच १९१७ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहना’त अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या; अर्थात् तेथे कारण वेगळे होते, कुलीन स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नव्हत्या.

ला बॅडी ही थॅनहाउझरची सर्वांत लोकप्रिय नटी. १९१४ च्या ‘द मिलियन डॉलर मिस्टरी’ या मालिकापटाने तिचे नाव घरोघर नेले होते. ‘द वूमन इन व्हाइट’ १९१७ च्या जुलैत प्रदर्शित झाला. ऑगस्टमध्ये तिच्या मोटारीला अपघात झाला, आणि कित्येक आठवडे झुंजून १३ ऑक्टोबर रोजी ती मरण पावली. कंपनीचे चित्रणही थोड्याच दिवसांत थांबले.

थॅनहाउझरचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. हा वाचला, पण स्वतःच्या नावाने नव्हे. उरलेली प्रत १९२० सालच्या पुनःप्रदर्शनाची, आणि तिच्यावर नाव आहे ‘द अनफॉर्च्युनेट मॅरेज’. नाव हिरावलेल्या स्त्रीची ही कथा अशी दुसऱ्याच नावाने संग्रहात पडून राहिली. पुढे कंपनीच्या संस्थापकाच्या नातवाने आजोबांच्या उरल्यासुरल्या चित्रपटांचा शोध घेतला, तेव्हा तिला मूळचे नाव परत मिळाले.