खाली पडलेला चिमटा

परवा भाच्याचा फोन आला. सूनबाईला केमोथेरपीसाठी दंडातून छातीपर्यंत जाणारी नळी बसवली आहे आणि नळी तशीच ठेवून घरी सोडलं आहे. "मावशी, नळीला जपा म्हणाले. पण जपायचं म्हणजे नेमकं काय?" असं तो विचारत होता. मी काही डॉक्टर नाही, इतिहास शिकवणारी बाई. त्यामुळे मला आठवलं ते इतिहासातलंच. फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आमच्या किनवट भागात सलाईनवर लोकांचा भारी विश्वास. जरा गळाल्यासारखं झालं की "डॉक्टरसाहेब, एक बाटली लावून द्या". बाटलीत बहुतेक वेळा मीठ-पाणी नाही तर साखर-पाणी असतं. तोंडानं पिता येत असेल तर ते शिरेतून कशाला, हे कुणी विचारत नाही. मात्र माणूस जुलाब-उलट्यांनी पार कोरडा पडला असेल, तर हेच पाणी जीव वाचवतं. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या लीथ इथं थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरनं पटकीच्या रोग्यांच्या शिरेत मीठ-पाणी सोडलं आणि मरणाला टेकलेले काही जण उठून बसले. पण रोगजंतूंची कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. हात, सुई, पाणी सगळं निर्जंतुक असावं लागतं, हे कळायला पुढं काही दशकं गेली.

कातडी म्हणजे आपल्या शरीराचं गावकूस. सुई टोचली की त्याला भोक पडतं. नळी ठेवली की ते भोक उघडंच राहतं. मग तिथून औषध जातं तसा जंतूही जाऊ शकतो.

हे किती महागात पडतं, त्याची एक गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला गेली आणि तिथून लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतली लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. चौकशी झाली. बाटली परळला भरतानाच बिघडली असावी, असा ठपका आला. हाफकिन यांना काम सोडावं लागलं.

खरा प्रकार वेगळाच होता. बाटलीचं बूच काढायचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता त्यानंच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचंच नाव दिलं गेलं.

पुढची मोठी उडी १९२९ ची. जर्मनीत एबर्सवाल्डे इथं वेर्नर फोर्समन हा तरुण डॉक्टर शिरेतून थेट हृदयापर्यंत नळी नेता येईल म्हणत होता. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. त्यानं स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी आत सरकवली आणि तसाच चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. १९५६ मध्ये त्याला इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. आज मानेत, छातीत, दंडात बसवतात त्या सगळ्या नळ्या त्याच वाटेच्या. हातावरची साधी सुई थोड्या दिवसांत निघते. ही नळी मात्र हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत आठवडे, कधी महिने राहते.

आता घरच्यांना माहीत असलेली, पण मी कधी पूर्ण न सांगितलेली गोष्ट. आमच्या आक्काला डायलिसिससाठी मानेत अशीच नळी होती. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नळीचं टोपण काढताना ते खाली फरशीवर पडलं. उचललं, झटकलं आणि शेवटी तेच परत लावलं. मी शेजारी स्टुलावर बसलेली. जन्मभर पोरांची नखं तपासली, शाळेत हात धुतल्याशिवाय कुणाला खिचडीला बसू दिलं नाही आणि तिथं मी गप्प बसले. म्हटलं, त्यांना कळतं, आपण कशाला बोला? दोन दिवसांनी डायलिसिस सुरू होताच आक्काला हुडहुडी भरून ताप आला. रक्तात जंतू निघाले. नळी काढली, तीन आठवडे इंजेक्शनं चालली. आक्का त्यातून उठली. ते त्या टोपणामुळेच झालं, असं मी म्हणू शकत नाही. पण मी बोलायला हवं होतं, एवढं नक्की.

मुलकोवालबद्दल मी नंतर वाचलं आणि रात्रभर तो चिमटा डोळ्यांसमोर होता.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये नळीसाठी एक यादी केली. हात धुवा. कातडी क्लोरहेक्सिडीननं पुसा. टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घाला आणि रोग्यावर निर्जंतुक चादर पांघरा. जमेल तिथं जांघेतली शीर टाळा. गरज संपली की नळी काढा. यात नवीन काय? काहीच नाही. नवीन होतं ते वेगळंच : एखादी पायरी गाळली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत हे राबवलं. एका रोग्याची नळी एक दिवस म्हणजे एक नळी-दिवस, अशा हजार दिवसांमागे रक्तात जंतू जाण्याचं सरासरी प्रमाण दीड वर्षात ७.७ वरून १.४ वर आलं. आपल्याकडच्या सात शहरांतल्या अतिदक्षता विभागांचा अभ्यास २००७ मध्ये आला, त्यात हे प्रमाण ७.९२ होतं.

तेव्हा भाचेबुवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नळीला उगाच हात लावायचा नाही. लावायचाच तर आधी साबणानं धुवायचा. वरची पट्टी ओली झाली, सुटली तर वाट न बघता बदलून आणायची, एरवी आठवड्याला. आंघोळीत पाणी लागू द्यायचं नाही. त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही. औषध देण्याआधी नळीचं तोंड स्पिरिटनं घासलं का, ते बघायचं. ताप १००.४ वर गेला, थंडी वाजली, लाली किंवा सूज दिसली, तर त्याच वेळी, रात्र असली तरी, दवाखान्याला फोन करायचा. इथून नांदेड लांब आहे, सकाळची वाट बघू नका. आणि दर खेपेला डॉक्टरांना विचारायचं, "साहेब, ही नळी अजून लागते का?"

काही खाली पडलं तर हात जोडून, पण मोठ्यानं म्हणायचं, "सिस्टर, दुसरं घ्या ना." त्यांना राग आला तरी चालेल. मावशीनं सांगितलंय म्हणावं.